नोकरी, सायकल आणि नांगर
(कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जीवनपरिचय)

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव किंवा औंढा, यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या शिवारातून फेरफटका मारा. हळदीला किंवा कापसाला पाणी देणारी एखादी विहीर दिसली, की तिच्या काठावर पंप किंवा इंजिन दिसेलच. आणि त्यांतल्या कित्येकांवर किर्लोस्कर हे नाव ओतलेले आढळेल. हे नाव आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की ते एका माणसाचे आडनाव आहे याचाही आपल्याला विसर पडतो. ज्या माणसामुळे हे नाव घरोघर पोहोचले तो एके काळी मुंबईत एक साधा पगारी मास्तर होता, महिन्याच्या महिन्याला पगार घेत होता आणि त्या नोकरीत सुखी नव्हता, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असेल.

शिक्षणसंस्थांच्या स्मरणिकांतून आपण सर सय्यद अहमद खान, मौलाना आझाद, महात्मा फुले, राजर्षी शाहू महाराज यांची चरित्रे वाचत आलो आहोत. त्या थोर मालिकेत एका कारखानदाराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे, की आज आपल्या समाजातील शिकलेल्या तरुणांपुढे जो पेच आहे, नेमका तोच पेच सव्वाशे वर्षांपूर्वी या माणसापुढे होता. नोकरी आहे, पण तीत मन रमत नाही. सोडावी, तर घर चालायचे कसे? न सोडावी, तर आयुष्य वाया चालले असे वाटत राहते. तुमच्यापैकी कोणी विनाअनुदानित शाळेत शिकवीत असेल, कोणी पतसंस्थेत कारकून असेल, कोणी एस.टी.त वाहक असेल. रात्री अंथरुणावर पडल्यावर हा हिशेब तुम्हीही मांडला असेल. लक्ष्मणरावांनी तो कसा मांडला, हे पाहण्यासारखे आहे.

चित्रकार व्हायचे होते

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशीनाथपंत हे वेदान्ताच्या अभ्यासात रमणारे गृहस्थ होते. मुलाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत कधीच लागले नाही. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता : चित्रे काढणे आणि यंत्रांची मोडतोड करून ती पुन्हा जोडणे. त्या काळी सभ्य घरातील मुलाने शिकून वकील व्हावे, नाहीतर सरकारी कचेरीत चिकटावे, अशीच रीत होती. चित्रकला हे पोट भरण्याचे साधन होऊ शकते, हे कोणाला पटण्यासारखे नव्हते. वडिलांनाही ते पटले नाही. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा मात्र धाकट्या भावाच्या पाठीशी उभे राहिले. हे रामूअण्णा या चरित्रात पुन्हा पुन्हा येणार आहेत, म्हणून त्यांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला गेले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. सुमारे दोन वर्षे शिकल्यावर असे आढळून आले, की त्यांच्या डोळ्यांत रंग ओळखण्याचा दोष आहे. काही रंगांतील फरक त्यांना कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलावर याहून मोठा आघात कोणता? घरच्यांचा विरोध पत्करून, एवढ्या दूर येऊन जे शिकायचे तेच आता हाताचे निसटले.

या ठिकाणी दुसरा एखादा मुलगा गाठोडे बांधून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी आपल्यापाशी उरले काय आहे ते पाहिले. रंग गेले होते. पण रेघ शाबूत होती. हात स्थिर होता, नजर मापाची होती. त्यांनी यंत्रांचे आराखडे काढण्याची विद्या धरली. या चित्रांना रंग लागत नाही, अचूकपणा लागतो. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १८८७ मध्ये स्थापन झाली होती. आज ती माटुंग्यास आहे. त्या काळी भायखळ्यास होती. तेथे लक्ष्मणरावांना आराखडे शिकविणारे साहाय्यक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली.

नोकरीतील वर्षे

वाचकहो, त्या काळच्या मुंबईत एका हिंदी तरुणाला तांत्रिक संस्थेत शिक्षकाची जागा मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. ठरलेला पगार, मानाची जागा आणि हाताखाली विद्यार्थी. लग्नसंबंध जुळविणाऱ्या मंडळींच्या दृष्टीने तर याहून अधिक काही नकोच होते. शिवाय या नोकरीचा आणखी एक फायदा होता, तो लक्ष्मणरावांनी पुरेपूर घेतला. संस्थेत यंत्रे होती, कर्मशाळा होती. यंत्र कसे चालते, बिघडले तर कोठे बिघडते, सुटा भाग कसा घडवावा, हे सारे ते हाताने करून शिकले. यंत्रविद्येची परदेशी मासिके मिळवून वाचू लागले. पगार घेता घेता ते स्वतःच एका मोठ्या शाळेत शिकत होते असे म्हटले तरी चालेल.

आपल्यापैकी अनेकजण नोकरीला कंटाळले, की ती नुसती ढकलतात. सही करायची, घड्याळाकडे पाहायचे आणि घरी यायचे. असे दिवस ढकलल्याने कंटाळा तर जात नाहीच, उलट अंगातले कसबही गंजते. लक्ष्मणरावांचे मन त्या नोकरीत पूर्ण रमले होते असे नव्हे. परंतु तेथून जे जे शिकण्यासारखे होते ते शिकून घेतल्याखेरीज त्यांनी पाय बाहेर काढला नाही. त्यांच्या पुढील साऱ्या उद्योगाची पुंजी म्हणजे नोकरीत मिळविलेली ही विद्या होय. पगारातून शिल्लक टाकलेला पैसा तिच्यापुढे किरकोळ होता.

एक दुकान बेळगावात

याच काळात मुंबईच्या रस्त्यावर सायकल नावाचे नवे वाहन दिसू लागले होते. लक्ष्मणरावांना त्याचे मोठे कुतूहल वाटले. ते स्वतः सायकल शिकले. मग त्यांच्या मनात आले, की जे मुंबईला आज आले आहे ते बेळगावला उद्या येणारच. तर ते आणणारे आपणच का होऊ नये? १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. सायकल विकून काम संपत नसे, कारण घेणाऱ्याला ती चालविता येत नसे. म्हणून रामूअण्णा गिऱ्हाइकांना सायकल शिकवीत आणि त्या शिकवणीचे पंधरा रुपये घेत. माल विकणे आणि तो वापरायला शिकविणे या दोन्ही गोष्टींचा मोबदला घेणारे हे दुकान होते. बेळगावात किर्लोस्कर मार्ग नावाचा रस्ता आजही आहे.

आता या व्यवस्थेकडे जरा बारकाईने पाहू या. धाकटा भाऊ मुंबईत पगारावर आहे. त्याच्या पोटापाण्याचा भार दुकानावर नाही. म्हणून दुकानात मिळालेला पैसा दुकानातच राहू शकतो, त्यातून नवा माल येऊ शकतो. दुसरीकडे दुकानावर बसणारा माणूस पगारी नोकर नसून सख्खा भाऊ आहे. गल्ल्याची काळजी नाही. एखाद्या वर्षी सायकली खपल्या नाहीत, तरी दोन्ही घरांवर एकदम उपासमारीची पाळी येणार नाही. नोकरी आणि धंदा हे एकमेकांचे वैरी न होता एकमेकांचे टेकू झाले होते. अशी सुमारे नऊ वर्षे गेली.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. लक्ष्मणरावांचा काळ वेगळा होता. आज जे वाचक शासकीय सेवेत आहेत त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यांप्रमाणे पूर्वपरवानगीवाचून खाजगी व्यापार करता येत नाही, आणि कुटुंबातील कोणी व्यापार करीत असल्यास तेही शासनाला कळवावे लागते. म्हणून भावाच्या नावाने दुकान घातले म्हणजे झाले, असे कोणी समजू नये. जे करायचे ते कायद्यात बसवून आणि उघडपणे करावे. लपून केलेल्या कामात बरकत नसते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकविलेलेच आहे.

राजीनामा

१८९७ च्या सुमारास संस्थेत वरची जागा भरण्याची वेळ आली. काम पाहता ती लक्ष्मणरावांकडे यायला हवी होती. परंतु ते हिंदी होते. ती बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. इतक्या वर्षांच्या नेकीच्या नोकरीनंतर चामडीचा रंग आडवा आला. ज्याच्या डोळ्यांना रंगांतला फरक कळत नव्हता, त्याला आता जगाने रंगाचा फरक शिकविला.

लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले.

हा प्रसंग सांगताना बहुतेकजण स्वाभिमानाचा गौरव करतात, आणि तो करावाच. परंतु वाचकहो, केवळ अपमान झाला म्हणून लक्ष्मणराव उठले असे समजू नका. अपमान तर त्या काळी हजारो हिंदी नोकरांचा रोज होत होता. ते खाली मान घालून पुन्हा कामाला लागत, कारण त्यांना दुसरी वाट नव्हती. लक्ष्मणरावांपाशी वाट होती. ती त्यांनी नऊ वर्षे आधीपासून बांधायला घेतली होती. स्वाभिमान प्रत्येकाला असतो. तो पाळण्याची ऐपत मात्र आधी तयार करावी लागते. राजीनाम्याचा कागद लिहायला पाच मिनिटे लागली असतील, पण त्या पाच मिनिटांची तयारी बेळगावच्या दुकानात नऊ वर्षे चालली होती.

सर सय्यदांचे उदाहरण

या संदर्भात आपल्या सर्वांना परिचित असलेल्या एका महापुरुषाची आठवण होते. सर सय्यद अहमद खान यांनी ऐन तारुण्यात, वडिलांच्या निधनानंतर, कंपनी सरकारची नोकरी धरली आणि न्यायखात्यात ते चढत गेले. समाजाला नवे शिक्षण दिले पाहिजे हा ध्यास त्यांना वर्षानुवर्षे लागलेला होता. तरी त्यांनी एकदम नोकरी टाकली नाही. गाझीपूरला असताना, अलीगढला असताना, बनारसला असताना नोकरी सांभाळून शाळा, वैज्ञानिक मंडळ, नियतकालिके हे काम त्यांनी चालू ठेवले. २४ मे १८७५ रोजी अलीगढला मदरसा सुरू झाला तेव्हा सर सय्यद स्वतः बनारसला नोकरीत होते, आणि अलीगढची बाजू मौलवी समीउल्लाह खान सांभाळीत होते. १८७६ मध्ये सर सय्यद निवृत्त होऊन अलीगढला राहायला गेले आणि पुढे उरलेले आयुष्य त्यांनी त्या कामाला दिले.

कोठे अलीगढचे महाविद्यालय आणि कोठे बेळगावचे सायकलचे दुकान! ही तुलना मोठेपणाची नव्हे, पद्धतीची आहे. दोघांनीही नवे काम उभे राहीपर्यंत जुने काम टिकविले. दोघांनाही जागेवर राहून काम पाहणारा एक भरवशाचा माणूस मिळाला होता. आणि वेळ येताच दोघांनीही मागे वळून पाहिले नाही.

लोखंडाने जमीन नासते

नोकरी सोडली म्हणजे सुखाचे दिवस आले, असे मात्र झाले नाही; आणि जे वाचक बदलाचा विचार करीत असतील त्यांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा.

लक्ष्मणरावांना आयुष्यभर सायकली विकायच्या नव्हत्या. त्यांना स्वतः वस्तू घडवायची होती. दुकानाच्या जोडीला त्यांनी छोटी कर्मशाळा घातली. पहिले यंत्र निघाले ते कडबा कापण्याचे. ज्याच्या दारी बैल आहेत त्याला त्याचा उपयोग चटकन कळत असे. मग त्यांनी शेतीच्या मुळालाच हात घातला आणि लोखंडी नांगर करण्याचे मनावर घेतले.

आपल्या भागातील काळ्या भारी जमिनीत ज्यांनी औत हाकले आहे त्यांना याचे महत्त्व सांगायला नको. लाकडी नांगर जमीन ओरखडतो, उलटवीत नाही. हरळीची मुळे खाली खोल राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा वर येते. लोखंडी नांगर माती तळापासून उलथून टाकतो, मुळे उन्हात उघडी पडतात आणि वाळून जातात. हे सारे खरे; पण शेतकऱ्याला ते पटवायचे कसे? त्या काळी लोकांची अशी ठाम समजूत होती, की लोखंड जमिनीत गेले तर जमीन विषारी होते, नासते. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. वाचकहो, दोन वर्षे! ज्याने पगाराची नोकरी सोडली आहे त्याच्या घरी ती दोन वर्षे कशी गेली असतील, याची कल्पना करा.

ती निभावली, कारण मागे सायकलचे दुकान होते, कडबा कापण्याचे यंत्र होते आणि एकत्र कुटुंब होते. नांगर खपत नव्हता तेव्हा नांगराच्या भरवशावर चूल पेटत नव्हती. एक धंदा दुसऱ्याला उभा करीपर्यंत पोशीत होता. नोकरीने सायकलला पोसले, सायकलने यंत्राला पोसले आणि यंत्राने नांगराला पोसले. लक्ष्मणरावांच्या आयुष्यातील ही साखळी नीट पाहिली, की त्यांचे धाडस हे जुगाराचे धाडस नव्हते हे ध्यानात येते.

आणखी एक गोष्ट. नांगर खपत नाही म्हणून त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरविले नाही. नांगर वापरणारांच्या तक्रारी त्यांनी ऐकल्या, फाळ लवकर झिजतो असे कळल्यावर तो अधिक टणक केला, आणि सुधारलेला नांगर पुन्हा बाजारात आणला. हळूहळू समजूत पालटली. ज्या नांगराला लोक हात लावायला भीत होते, त्याला पुढे महाराष्ट्रभर मागणी आली.

पुन्हा घर उठले

नांगराचा जम बसत होता, तोच दुसरे संकट आले. बेळगावात नवी वसाहत वसवायची म्हणून नगरपालिकेने किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. लक्ष्मणराव त्या वेळी चाळिशीला आले होते. नोकरी सोडून बारा-तेरा वर्षे झाली होती. संसार वाढला होता, थोरला मुलगा शंतनुराव सहा-सात वर्षांचा होता. आता यंत्रे उचलून जायचे कोठे?

त्या सुमारास लक्ष्मणराव औंध संस्थानात देवळाच्या सभामंडपाचे काम करीत होते. (हे औंध म्हणजे आपले नागनाथाचे औंढा नव्हे, ते सातारा जिल्ह्यात आहे.) तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे कलेचे भोक्ते आणि गुणी माणसाची पारख असलेले होते. त्यांनी आपल्या संस्थानात कारखाना काढण्यास जागा देऊ केली, शिवाय दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. ही जागा कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन होती. जमीन कसली, नुसता माळ! निवडुंगाचे रान, साप-विंचू आणि पाण्याची वानवा. परंतु रेल्वे जवळ होती, म्हणजे लोखंड आणणे आणि नांगर पाठविणे सोपे होते. लक्ष्मणरावांच्या नजरेने ते हेरले.

१९१० मध्ये सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन ते त्या माळावर उतरले. निवडुंग तोडला, विहीर खणली, झोपड्या घातल्या, भट्टी पेटविली. रामूअण्णांनी गावाची आखणी आणि व्यवस्था अंगावर घेतली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी त्या ओसाड माळावर संसार मांडला. पुरुषाने नोकरी सोडली की त्याचे चरित्र होते. परंतु त्या सोडण्याचा भार घरातील बाई रोज वाहते आणि तिचे नाव राहून जाते. म्हणून येथे त्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे.

त्या माळाचेच पुढे किर्लोस्करवाडी हे गाव झाले आणि रेल्वे स्थानकालाही तेच नाव पडले. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. लक्ष्मणरावांनी माणसे निवडताना पदवी पाहिली नाही, हात पाहिले. शाळा अर्धवट सोडलेला मनुष्य तेथे कल्पक यंत्रकार ठरला. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी गावाच्या राखणीवर नेमले, आणि त्या माणसांनी विश्वास राखला. शिवाशिव पाळायची नाही, अशी तेथली शिस्त होती. ज्याला स्वतःला जातवंशावरून डावलले गेले होते त्याने आपल्या गावात कोणाला डावलले नाही, ही गोष्ट मला त्याच्या नांगराइतकीच मोठी वाटते.

तोफांचे नांगर

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशाहून येणारा माल थांबला, लोखंड आणि कोळसा मिळेना. लक्ष्मणरावांनी दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळशावर भट्टी चालवून पाहिली. लोखंडाची अडचण होती तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज त्यांच्या मदतीला आले. संस्थानात पडून असलेल्या जुन्या निकामी तोफा त्यांनी वितळविण्यासाठी दिल्या, आणि त्या तोफांच्या लोखंडाचे नांगर झाले. हेच ते शाहू महाराज, ज्यांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुसलमान विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभे करण्यास हात दिला होता. शिकणाऱ्याला आणि घडविणाऱ्याला त्यांनी सारखेच आपले मानले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले; किर्लोस्कर या नावाने पुढे ते मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या वाचले गेले. भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक, पाण्याचे पंप निघाले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून १९२६ मध्ये परत आला. १९४६ मध्ये पुण्याला तेलाच्या इंजिनांचा आणि बंगलोरला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

आपण काय घ्यावे?

वाचकहो, अशी चरित्रे वाचून दोन चुकीचे अर्थ काढले जातात. पहिला असा, की मोठे व्हायचे तर नोकरी फेकून द्यावी. दुसरा असा, की हे सारे मोठ्यांना जमते, आपल्याला नाही. दोन्ही अर्थ टाकून द्यावेत.

लक्ष्मणरावांना जे लाभले ते सगळे प्रत्येकाला लाभत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रामूअण्णांसारखा भाऊ हा नशिबाचा भाग आहे. संकटाच्या वेळी जमीन देणारा राजा आज नाही. ज्याच्या एकट्याच्या पगारावर म्हातारे आईबाप, बहिणीचे लग्न आणि मुलांची फी अवलंबून आहे, त्याने नोकरी टिकविली तर तो भित्रा ठरत नाही. घरच्यांचा हक्क अदा करणे हेही मोठेच काम आहे. तो मनुष्य आयुष्यभर नोकरीत राहिला आणि तेथे नेकीने वागला, तर त्याचेही चरित्र लिहिण्यासारखेच आहे.

परंतु ज्याच्या मनातील असमाधान वर्षानुवर्षे जात नाही, त्याने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. मला ही नोकरी नकोशी झाली आहे, की या नोकरीतील एखादा माणूस? माणूस नकोसा झाला असेल तर तो बदलूनही जाईल. मला काय नको हे मला ठाऊक आहे, पण काय हवे हे ठाऊक आहे काय? जे हवे आहे त्याची लहानशी सुरुवात नोकरी असतानाच, नियमात राहून, सुट्टीच्या दिवशी करता येईल काय? सध्याच्या कामातून शिकण्यासारखे सारे मी शिकलो आहे काय? नवे काम दोन वर्षे पैसा देणार नाही असे धरले, तर तोवर चूल कशावर पेटेल? आणि हे सारे मी घरात मोकळेपणाने बोललो आहे काय? ज्याच्यापाशी या प्रश्नांची उत्तरे आहेत त्याने भिऊ नये. ज्याच्यापाशी नाहीत त्याने थोडे थांबावे. मात्र थांबण्याचा काळ तयारीत घालवावा, कुरकुरीत नव्हे.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावी. आपल्या मोहल्ल्यांतून सायकल दुरुस्त करणारे, वेल्डिंग करणारे, मोटार बांधणारे, इंजिन खोलणारे कारागीर पूर्वीपासून आहेत. त्यांच्या हातांत कसब आहे, पण त्यांच्या मुलाला आपण सांगतो, की शीक आणि या काळ्या तेलातून सुटून खुर्चीवर बस. शिकावे हे खरे. परंतु शिक्षणाचा अर्थ हाताला तेल लागू न देणे असा नाही. लक्ष्मणरावांपाशी आराखड्याची विद्या होती आणि हाताला तेलाचे वावडे नव्हते. या दोन्ही गोष्टी एका माणसात आल्या तेव्हा नांगर घडला. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींत या दोन्ही गोष्टी एकत्र याव्यात, एवढीच अपेक्षा.

यापुढे कधी शेतातल्या विहिरीपाशी उभे राहाल आणि पंपावरचे ते नाव वाचाल, तेव्हा भायखळ्याच्या संस्थेतील तो मास्तर आठवा. त्याने घाई केली नाही आणि आळसही केला नाही. अल्लाह आपल्या तरुणांना हलाल रोजी, तीत बरकत आणि आपली वाट ओळखण्याची बुद्धी देवो. आमीन.